टे सरोवराकाठची नावं: गेलिक स्थळनामं घडतात कशी आणि नोंदवायची कशी

स्कॉटलंडच्या पर्थशरमध्ये लॉख़ टे हे सुमारे २३ किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. पूर्व टोकाला केनमोर, पश्चिम टोकाला किलिन, आणि केनमोरपासून थोड्याच अंतरावर दक्षिण काठाला अख़ार्न नावाचं लहानसं गाव. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेत शेताला 'आख़ग' म्हणतात, आणि त्यावरून पडलेली 'अख़'ने सुरू होणारी नावं स्कॉटलंडभर विखुरलेली आहेत. त्यामुळे शब्दकोश घेऊन बसलेला माणूस अख़ार्न वाचतो आणि 'कसलं तरी शेत' असा अर्थ लावून मोकळा होतो. तो चुकतो. गेलिकमध्ये हे नाव मुळात एकाहून जास्त शब्दांचं आहे: 'आ' म्हणजे नदी किंवा ओढ्याचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं, आणि 'कार्न' म्हणजे दगडांची रास. राशीजवळचा उतार. यातल्या ख़चा शेताशी काही संबंध नाही. तो 'कार्न'मधलाच क आहे, व्याकरणाने बदललेला.

(ख़खाली दिलेली टिंबं अशासाठी की हा आवाज आपल्या 'खडक'मधल्या खसारखा नाही, तो घसा खरवडल्यासारखा येतो. गेलिकचे बरेच आवाज देवनागरीत जवळपासच लिहिता येतात, तेवढं गृहीत धरून पुढे वाचावं.)

अख़ार्नसारखी नावं एका पॅरिशमध्ये शेकड्यांनी असतात: गावं, वाड्या, शेतं, ओढे, डोंगराच्या सोंडा, नदीतले डोह, पडकी घरं. त्यांचा अर्थ लावायचा तर पहिला नियम असा की नकाशावरचं स्पेलिंग म्हणजे नाव नव्हे. कुणी तरी, कधी तरी, कुणाकडून तरी ऐकून केलेली ती एक नोंद असते. ऐकणारा कोण होता, त्याला गेलिक येत होती का, सांगणारा कोण होता, हे कळल्याशिवाय त्या नोंदीचं वजन ठरत नाही.

पॅरिश हाच घटक का

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या कक्षेतला प्रदेश. पुढे तोच जन्म-विवाहाच्या नोंदी, गरिबांची मदत आणि करआकारणी यांचा घटक झाला. स्कॉटलंडमध्ये असे सुमारे ८७० मुलकी पॅरिश आहेत. सखल भागात पॅरिश म्हणजे चार-दोन वस्त्या, डोंगराळ भागात अख्खं खोरं. जुने कागद पॅरिशवार लावलेले असल्यामुळे नावांचं कामही पॅरिशवारच सोपं जातं.

मात्र हद्द आधी पक्की करावी लागते. डोंगराळ पर्थशरमधल्या वीम पॅरिशचे तुकडे शेजारच्या पॅरिशांमध्ये विखुरलेले होते, आणि १८९१च्या सुमारास देशभर हद्दी नव्याने आखल्या गेल्या. १७९०च्या कागदात 'वीम पॅरिशमधलं शेत' असं लिहिलेलं असेल, तर ते आजच्या वीममध्ये शोधून सापडेलच असं नाही. प्रत्येक नावासमोर 'तेव्हाचा पॅरिश' आणि 'आजचा पॅरिश' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. हे न केल्यामुळे एकच शेत दोनदा नोंदलं जाणं ही नेहमीची चूक आहे.

नावांचे थर

या खोऱ्यांमध्ये गेलिकच्या आधी पिक्टिश बोलली जात असे. ती आजच्या वेल्श भाषेच्या नात्यातली. गेलिक पश्चिमेकडच्या अर्गाइलमधून पूर्वेकडे पसरली तेव्हा तिने जुनी नावं पुसली नाहीत, गिळून घेतली. नदीच्या मुखाला किंवा संगमाला पिक्टिशमध्ये 'अबर' आणि गेलिकमध्ये 'इनव्हर' म्हणतात. म्हणून ॲबर्डीन, ॲबरफेल्डी ही जुन्या थरातली नावं आणि इनव्हरनेस, इनव्हररी ही गेलिक. ॲबरफेल्डीचा दुसरा भाग 'पेली' या ओढ्यावरच्या जलभूताच्या नावावरून आलेला मानतात. पचा फ झाला तो व्याकरणामुळे, त्याकडे पुढे येऊच.

'पिट'ने सुरू होणारी नावं आणखी बोलकी आहेत. 'पिट' म्हणजे जमिनीचा हिस्सा, आणि शब्द पिक्टिश. पण पिटलॉख़रीसारख्या नावांत मागचा भाग बहुतेक वेळा गेलिक असतो. याचा अर्थ, गेलिक बोलणाऱ्यांनी हा शब्द उसना घेतला आणि स्वतः नवी नावं ठेवायला वापरला. बाराव्या शतकात डीअरच्या मठातल्या एका लॅटिन पोथीच्या समासात गेलिकमध्ये जमीनदानाच्या नोंदी केल्या गेल्या. स्कॉटलंडमध्ये लिहिलेल्या गेलिकचा तो सर्वांत जुना शिल्लक नमुना, आणि त्यात 'पेत इन मुलेन' असं नाव आहे: पाणचक्कीचा हिस्सा. पहिला शब्द पिक्टिश, बाकी वाक्यरचना गेलिक. दोन भाषा एकाच तोंडात नांदत होत्या याचा हा पुरावा दगडावर कोरलेल्या लेखाइतकाच पक्का आहे.

त्यानंतर संतांचा थर. आयोना बेटावरच्या मठाचे प्रमुख अदोम्नान ७०४ साली वारले. त्यांचं नाव लोकांच्या तोंडी झिजत 'योनन' झालं आणि ग्लेन लायन या दरीतल्या मिल्टन योनन या पाणचक्कीच्या जागेत टिकून राहिलं. लॉख़ टेच्या दक्षिण काठावरच्या अर्डोनेगमध्येही तेच नाव ओळखलं जातं. 'किल'ने सुरू होणारी पुष्कळ नावं 'कील' म्हणजे चर्च या शब्दावरून येतात: किलमार्टिन, किलब्राइड. पण सगळी नाहीत. जंगलाला गेलिकमध्ये 'कोल्य' म्हणतात आणि तेही नकाशावर 'किल' होऊन बसतं. किलीक्रँकी हे चर्चचं नव्हे, जंगलाचं नाव आहे. एखाद्या 'किल'जवळ जुनं दफनस्थान, गोल कुंपणाची जागा, संताच्या नावाची विहीर यांपैकी काहीच नसेल, तर जंगलाचा विचार आधी करावा.

नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा थर पर्थशरमध्ये जवळजवळ नाही. तो पश्चिमेकडच्या बेटांवर दाट आहे. शेवटचा थर इंग्रजीच्या नात्यातली स्कॉट्स भाषा आणि इंग्रजी यांचा: 'मिल्टन', 'ब्रिज ऑफ', 'ईस्टर' आणि 'वेस्टर'. हे वरवरचे वाटतात, पण यांतले कित्येक शब्द म्हणजे गेलिक नावांची सरळ भाषांतरं आहेत.

आधी कान, मग व्याकरण

नावाचा उलगडा करताना पहिली कसोटी आघाताची. गेलिकमध्ये सामान्य शब्द पुढे येतो आणि ओळख देणारा शब्द मागे: 'गाव-सरोवराचं', 'टोक-पाईनवनाचं'. बोलताना जोर मागच्या शब्दावर पडतो. इनव्हरनेसमध्ये जोर 'नेस'वर, डंडीमध्ये 'डी'वर, पिटलॉख़रीमध्ये 'लॉख़'वर. नॉर्स आणि इंग्रजी नावांत उलट: ओळख आधी, सामान्य शब्द शेवटी, जोर पहिल्यावर. त्यामुळे 'डाल' पुढे असेल आणि जोर मागे, तर ती गेलिक 'दाल' म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, जसं डालव्हिनी. 'डेल' शेवटी असेल तर नॉर्स 'दाल्र' म्हणजे दरी, जसं हेल्म्सडेल. दोन शब्द दिसायला सारखे, भाषा वेगळ्या. स्थानिक माणूस जोर कुठे देतो हे एकदा ऐकलं की निम्मं कोडं सुटतं, आणि हे कुठल्याही नकाशावर लिहिलेलं नसतं.

या नियमाला जुने अपवाद आहेत. फोर्टिंगल या पॅरिशचं गेलिक नाव 'फर्श्तरख़िल'च्या आसपास उच्चारलं जातं. त्यात चर्चचा 'कील' शेवटी आहे आणि इंग्रजीत त्याचाच 'गल' झाला. सामान्य शब्द शेवटी असलेलं गेलिक नाव दिसलं की ते फार जुनं असण्याची शक्यता धरावी.

दुसरी कसोटी शब्दाच्या सुरुवातीची. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचा शेवट बदलतो: ठाणे, पण ठाण्याला, घोडा, पण घोड्याचा. गेलिकमध्ये तशाच कारणांनी शब्दाची सुरुवात बदलते. कचा ख़ होतो, पचा फ, ब आणि म यांचा व, तचा ह, आणि फ तर उच्चारातून नाहीसाच होतो. लिहिताना पहिल्या अक्षरापुढे 'एच' घालतात. पाणचक्की म्हणजे 'मुलन', पण बेन नेव्हिसच्या पायथ्याचा 'पाणचक्कीचा ओढा' म्हणजे 'आउल्ट अ वुलिन'. कावळ्याच्या जातीतल्या रेव्हन पक्ष्याला 'फी-इख़' म्हणतात, पण 'रेव्हनचा कडा' म्हणताना फ गळतो आणि ऐकू येतं 'क्रेक अन ई-इख़'. गेलिक न येणाऱ्या मोजणीदाराने हे नाव ऐकलं तर तो फ लिहिणारच नाही, आणि दीडशे वर्षांनी वाचणारा पक्षी शोधत बसेल.

म्हणून 'व' असलेल्या प्रत्येक नावात मागे म आहे की ब, हे तपासावं. आणि उलटही घडतं: मल बेटावरचं टोबरमोरी हे गेलिकमध्ये 'तोबर वोरे' आहे, म्हणजे मेरीची विहीर, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये म टिकला आहे. नकाशाकार कधी कानाने चालतात, कधी व्याकरणाने, आणि एकाच पानावर दोन्हीही करतात.

तिसरी गोष्ट विभक्तीची. जागेचं नाव माणूस बहुतेक वेळा 'तिथे', 'तिथून' असंच वापरतो, त्यामुळे नावाचं सप्तमीतलं रूप गोठून बसतं. 'टोक' म्हणजे 'क्याउन', त्याचं जुनं सप्तमीचं रूप 'कीन'. त्यातूनच नकाशावर 'किन'ने सुरू होणारी नावांची रांग आली: किनलॉख़लेव्हन, किंटायर. किंग्यूसीमध्ये राजा कुठेही नाही. ते 'क्याउन अ ग्यूसिख़' आहे, पाईनच्या वनाचं टोक. इंग्रजी वाचणाऱ्याने 'किंग-यूसी' असं तोडलं की अर्थ मेला. शब्द चुकीच्या ठिकाणी तोडणं हा या कामातला सर्वांत महागडा दोष आहे, कारण पुढची सगळी व्युत्पत्ती त्या तुकड्यांवर उभी राहते.

रंगांचं वेगळं सांगायला हवं. गेलिकमधल्या 'गोरोम'मध्ये निळाही येतो आणि गवताचा हिरवाही. 'ग्लास' म्हणजे करडा-हिरवा. 'रूअग' म्हणजे तांबूस तपकिरी. केर्नगॉर्म हा एका शिखराचा 'निळा डोंगर' सगळ्या रांगेला चिकटला. गेलिकमध्ये त्या रांगेचं नाव 'आम मोनग रूअग' आहे, तांबूस डोंगराळ मुलूख. डोंगराचा रंग पावसाळी दुपारी बघून 'निळा कुठे आहे?' असं विचारू नये. तांबड्या ग्रॅनाइटचा उतार, हेदरची जांभळी झुडपं फुललेला काळ, गवताचा पट्टा, जे दिसेल ते ऋतूसकट टिपून ठेवावं.

कागद कसे वाचायचे

एका नावाची जेवढी जुनी रूपं मिळतील तेवढी तारखेच्या क्रमाने लावायची, अक्षर न अक्षर जसं आहे तसं. 'सुधारून' लिहिणं पूर्ण वर्ज्य. तारखाही दोन लागतात: मूळ दस्त कधीचा आणि हातात असलेली नक्कल कधीची. तेराव्या शतकातल्या सनदेची सोळाव्या शतकातली नक्कल असेल, तर स्पेलिंग सोळाव्या शतकाचं धरावं.

मध्ययुगीन हस्ताक्षरात 'यू' आणि 'एन', तसंच 'सी' आणि 'टी' ओळखू येत नाहीत. शंका असेल तिथे दोन्ही वाचनं नोंदवावीत. आणखी एक सापळा 'झेड'चा. जुन्या स्कॉट्समध्ये 'योख़' नावाचं, आकड्यातल्या तीनसारखं दिसणारं अक्षर होतं आणि त्याचा आवाज साधारण यसारखा. छापखान्यांकडे तो खिळा नव्हता, म्हणून त्यांनी 'झेड' लावला. वीमजवळच्या वाड्याचं आणि तिथल्या घराण्याचं नाव 'मेंझिज' असं लिहिलेलं दिसतं, पण परंपरेने ते 'मिंगिस' उच्चारतात. जुन्या कागदात अनपेक्षित 'झेड' दिसला की तो य आहे असं धरून वाचून बघावं.

पॅरिशच्या कामात उपयोगी पडणाऱ्या कागदांचा माग साधारण असा लागतो. टिमथी पाँटने सोळाव्या शतकाच्या अखेरीस पायी फिरून नकाशे काढले; त्यांतले बरेच १६५४ साली ॲम्स्टरडॅममध्ये ब्लाउ या नकाशे छापणाऱ्याने छापले. छापणाऱ्या कोरक्यांना ना गेलिक येत होती ना स्कॉट्स, त्यामुळे पाँटचं हस्तलिखित उपलब्ध असेल तिथे छापील नकाशावर विसंबू नये. १७४७ ते १७५५ या काळात विल्यम रॉयच्या हाताखाली लष्करी मोजणी झाली. लॉख़ टेच्या काठासाठी मात्र सर्वांत मौल्यवान कागद १७६९चा आहे: ब्रेडलबेन जहागिरीची मोजणी, उत्तर काठ जॉन फार्कर्सनने केला आणि दक्षिण काठ जॉन मॅकार्थरने. शेतवार, कुळवार अशी ती नोंद, आणि पुढच्या शतकात ओस पडलेल्या वस्त्या त्यात नांदत्या दिसतात. मग १७९१ ते १७९९ मध्ये सर जॉन सिंक्लेअर यांनी सगळ्या पॅरिशांच्या धर्मगुरूंकडून लिहवून घेतलेली माहिती. यात नावांचे अर्थ भरपूर आहेत आणि भाबडेही आहेत. अर्थ सोडून द्यावेत, रूपं उचलावीत.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गेलिक न येणाऱ्या शिपायाने कानाला लागेल तसं लिहिलेलं ओबडधोबड स्पेलिंग हे विद्वानाने शुद्ध करून लिहिलेल्या स्पेलिंगपेक्षा बऱ्याचदा चांगला पुरावा असतं. शिपायाने जे ऐकलं ते लिहिलं. विद्वानाने त्याला जे असायला हवं वाटलं ते लिहिलं, आणि त्याचा अंदाज चुकला असेल तर खरा आवाज कायमचा झाकला गेला.

नाववह्या

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेने पर्थशरची तपशीलवार मोजणी केली तेव्हाच्या नाववह्या १८५९ ते १८६२ या काळातल्या आहेत. प्रत्येक पानावर पाच रकाने: नकाशावर लिहायचं नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंग, प्रत्येक स्पेलिंग कुणाच्या अधिकाराने, जागा कुठे, आणि वर्णन. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे शक्यतो तीन व्यक्तींची नावं असत, आणि पसंती जमीनमालक, त्याचा कारभारी, धर्मगुरू, शाळामास्तर यांना. डोंगरावर मेंढ्या राखणारा, ज्याला प्रत्येक घळीचं नाव तोंडपाठ, तो या यादीत कमी दिसतो. मालक बऱ्याचदा गेलिक न बोलणारा. म्हणून वही उघडली की आधी स्पेलिंग वाचू नये. अधिकार सांगणारे कोण, त्यांतला कोण त्या जागेवर खरोखर राबत होता, हे पाहावं. खोडलेली स्पेलिंगही उतरवून घ्यावीत. पुष्कळदा खोडलेलं रूपच बोलीच्या जवळ असतं.

वर्णनाच्या रकान्यात 'पडकं शीलिंग' असा उल्लेख येतो. शीलिंग म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर राहायच्या झोपड्यांची जागा. गेलिकमध्ये तिला 'आरी' किंवा 'रुई' म्हणतात, आणि नकाशावर ते 'आरी', 'एरी', 'री' अशा रूपांत लपलेलं असतं. डोंगरउतारावर, गावापासून दूर, ओढ्याजवळ 'री'ने सुरू होणारं नाव असेल तर तिथे हिरव्यागार गवताचा तुकडा आणि दगडी पाये शोधावेत.

नकाशाने नावं हलवलीही आहेत. लॉख़नगार हे आज डोंगराचं नाव समजतात, पण ते खालच्या तळ्याचं. डोंगराचं गेलिक नाव 'बेन नन कीख़न', म्हणजे स्तनांचा डोंगर. केर्नगॉर्ममधल्या 'डेव्हिल्स पॉइंट'च्या गेलिक नावात पुरुषाच्या अवयवाचा उघड उल्लेख आहे. इंग्रजीत तो सभ्यपणे झाकला गेला. अशा जागी नोंद स्पष्ट करावी, लाजू नये.

याच काळात याच पद्धती भारतातही येत होत्या. आयर्लंडच्या मोजणीसाठी थॉमस कोल्बीने उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या जोडपट्ट्या बनवल्या होत्या. जॉर्ज एव्हरेस्टने १८२९ साली आयर्लंडमध्ये जाऊन ते काम पाहिलं आणि तशा पट्ट्या भारतात आणल्या. नावांचा प्रश्नही मागोमाग आला. ग्लासगोत जन्मलेल्या विल्यम विल्सन हंटरने १८७१ मध्ये भारतीय नावं रोमन लिपीत लिहायचे नियम मांडले. रूढ झालेली रूपं मात्र तशीच राहिली, आणि 'पूना' पुढे कित्येक दशकं छापलं गेलं. पुण्याला 'पूना' म्हटलेलं ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांना अख़ार्नचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

माणसांकडून नोंद

१८८१च्या जनगणनेत पहिल्यांदा गेलिकबद्दल विचारलं गेलं, तेव्हा २ लाख ३१ हजारांवर लोक ती बोलत होते. २०२२मध्ये हा आकडा सुमारे ६९,७००, आणि त्यांतले फार थोडे पर्थशरचे. १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. ॲबर्डीनशरमधल्या डीसाइड भागाची बोली बोलणारी शेवटची व्यक्ती १९८४ साली गेली. म्हणून जुनी ध्वनिमुद्रणं आधी शोधावीत: एडिनबरा विद्यापीठात १९५१ साली सुरू झालेल्या स्कॉटिश अभ्यास विभागाने गावोगाव केलेल्या टेप, ज्यांतल्या हजारो आता इंटरनेटवर ऐकता येतात.

जिवंत माणसांचं मोलही कमी होत नाही. गेलिकचा एक शब्द न येणारा मेंढपाळ किंवा शिकारराखा आपल्या आजोबांकडून ऐकलेला उच्चार जसाच्या तसा सांगतो. जोर योग्य जागी, ख़ जागेवर. त्याच्याकडे जाताना पाळायच्या गोष्टी:

नाव आपण आधी उच्चारायचं नाही. 'हे अख़ार्नच ना?' असं विचारलं की समोरचा आपलाच उच्चार परत देतो. नावं पुसलेला नकाशा किंवा जागेचा फोटो पुढे ठेवून 'याला काय म्हणता?' एवढंच विचारावं. प्रत्येक नाव तीनदा सुटं म्हणून घ्यावं, आणि मग 'तिथे जातो', 'तिथून आलो' अशा वाक्यांत, कारण वाक्यात नावाचं रूप बदलतं. ध्वनिमुद्रण एमपी३मध्ये करू नये. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवावी, कारण दाबलेल्या फाइलमध्ये श्वासाचे बारीक आवाज पुसट होतात आणि याच आवाजांवर कचा की ख़चा निकाल लागतो. स्वयंपाकघरात फ्रिज बंद करायला सांगावं. बाहेर माइकवर वाऱ्याचं केसाळ आवरण लावावं. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचा क्रमांक बोलून ठेवावा. नाव वेगळ्या कागदावर, लेखी संमतीसह.

एकाच उच्चाराने अर्थ उलटतो, याचं उदाहरण स्काय बेटावरचं पोर्ट्री. 'राजाचं बंदर' असा अर्थ सांगतात आणि पाचव्या जेम्स राजाच्या १५४०च्या भेटीशी तो जोडतात. पण जुन्या स्थानिक उच्चारात तिथला स्वर आखूड आहे. राजासाठी 'री' लांब हवा. आखूड स्वर डोंगरउताराच्या शब्दाकडे बोट दाखवतो. कथा आकर्षक, पण स्वर तिला साथ देत नाही, आणि या कामात निकाल स्वराच्या बाजूने द्यायचा असतो.

नोंदीचं कार्ड

एका नावाला एक कार्ड, किंवा तक्त्यातली एक ओळ. त्यात आजचं नकाशावरचं रूप, जागेचा प्रकार, ब्रिटनच्या नकाशावरच्या चौकटींचे, म्हणजे ग्रिडचे आकडे, पर्थशरच्या या भागासाठी 'एनएन' अक्षरांपुढे आठ आकडी, म्हणजे १० मीटरपर्यंत अचूक. सहा आकड्यांनी १०० मीटरचा चौकोन मिळतो, तो डोंगराला चालतो, विहिरीला नाही. ओढ्यासाठी उगम आणि मुख असे दोन संदर्भ. मग उंची, तेव्हाचा आणि आजचा पॅरिश, तारखेवार जुनी रूपं, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उच्चार, फाइलचा क्रमांक. शेवटी उलगडा आणि त्याची खात्री तीन पायऱ्यांत: पक्का, संभाव्य, अनिश्चित. 'अनिश्चित' लिहायला लाज वाटू नये. किलिन घ्या. गेलिकमध्ये 'कील ईन', म्हणजे फ गळलेला. तो फ कथेतल्या फिऑन या वीराचा, ज्याची समाधी तिथे दाखवतात, की 'फिऑन' म्हणजे पांढरा या विशेषणाचा? दोन्ही व्याकरणात बसतात. कार्डावर दोन्ही लिहावेत.

जमिनीची पडताळणी ऑक्टोबरनंतर करावी. उन्हाळ्यात ब्रॅकनचं नेचं कमरेएवढं वाढतं आणि शीलिंगचे पाये गडप होतात. थंडीत ते करपून पडतं आणि खाली उतरलेल्या उन्हात भिंतींच्या सावल्या लांबवरून दिसतात. एखाद्या 'उतारा'च्या नावासाठी ओढा खरोखर ओलांडता येतो का, दोन्ही काठांना जुनी वाट येऊन मिळते का, हे पाहावं. नाव आणि जमीन जुळत नसतील, तर नाव नकाशावर चुकीच्या जागी टाकलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

रस्त्यावरच्या दुभाषी पाट्यांसाठी अधिकृत गेलिक रूप हवं असेल तर स्कायवरच्या साव्हल मोर ओस्तेग या गेलिक महाविद्यालयातून काम करणाऱ्या राष्ट्रीय स्थळनाम संस्थेला हीच सामग्री लागते: जुनी रूपं, स्थानिक उच्चार, आणि ठरलेले शुद्धलेखनाचे नियम. नुसतं शब्दकोशातून बनवलेलं भाषांतर पाठवू नये.

कधी कधी नाव आणि रिवाज एकमेकांना धरून उभे असतात. ग्लेन लायनच्या वरच्या टोकाला 'ग्लाउन काल्यिख़', म्हणजे म्हातारीची दरी, आणि तिच्यात दगड-मातीचं, गुडघ्याएवढ्या उंचीचं एक घरटं. त्यात नदीने घासून गोटा केलेले दगड आहेत: म्हातारी, म्हातारा आणि त्यांची मुलं. मेच्या सुरुवातीला ते बाहेर काढून मांडतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला परत आत ठेवून भोकं बुजवतात. नकाशावर या जागेचं नाव 'म्हाताऱ्यांचं घर'. पण तिला 'म्हातारीचं घर' असंही म्हणतात. कार्डावर दोन्ही नावं यायला हवीत, कोणतं नकाशाचं आणि कोणतं कुणाच्या तोंडचं हे लिहून, आणि दरीचं व ओढ्याचं नाव त्याच कार्डाला जोडून.